आधी पाणी शीक, मग परराष्ट्र धोरण

पारोळा तालुक्यातल्या एका मुलीने विचारलंय. बीएस्सी ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घरी कापूस. म्हणते, "ताई, मला शांतता आणि विकासाच्या कामात बाहेर देशात जायचंय, डिप्लोमॅट व्हायचंय, तर आयएफएस, म्हणजे परराष्ट्र सेवा, करू की यूएन? इंग्रजी कच्चं आहे. आत्या म्हणते पोरीच्या जातीला असल्या नोकऱ्या झेपत नाहीत, लग्न कोण करेल. आणि आईला काय सांगू, मी नक्की काय होणार ते?" चार प्रश्न आहेत आणि मला आटोपशीर बोलता येत नाही, तेव्हा चहा घेऊन बस.

मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. मी साक्री तालुक्यातली, पांझरेकाठची. भूगोलात एमए केलं, मग धडगावकडे एका संस्थेत पाणलोटाचं काम केलं नऊ-दहा वर्षं. तेहतिसाव्या वर्षी यूएन व्हॉलंटियर म्हणून लायबेरियाला गेले, तिथून साऊथ सुदान, आणि शेवटची काही वर्षं न्यूयॉर्कला टेबलावर. आता आईसाठी परत आलेय, धुळ्यात असते. म्हणजे मी राजदूत वगैरे नव्हते, गाडीवर झेंडा नव्हता, पण दोन भांडणाऱ्या लोकांच्या मध्ये सतरंजीवर बसायचं काम पंधरा वर्षं केलंय, तेवढ्या अधिकाराने बोलते.

पहिली गोष्ट, तू दोन वेगळ्या गाड्यांचं एकच तिकीट मागतेयस. डिप्लोमॅट म्हणजे आपल्या देशाचा माणूस, सरकार सांगेल ते तो समोरच्या देशाला सांगणार, त्यासाठी यूपीएससी. यूएनमधला माणूस कुठल्याच देशाचा नसतो, निदान कागदावर तरी. यूएनच्या चार्टरचं कलम १०० आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की कर्मचाऱ्याने कोणत्याही सरकारकडून सूचना मागायच्या नाहीत आणि घ्यायच्याही नाहीत, स्वतःच्या सरकारकडूनसुद्धा. रुजू होताना तशी शपथ असते. लोक दोन्हीला डिप्लोमॅट म्हणतात, मामा मला अजून म्हणतो, पण फरक मोठा आहे. तुला भारताची बाजू मांडायला आवडेल, की कुणाचीच बाजू न घेता मध्ये बसायला आवडेल, हे स्वतःला विचार. मला दुसरं जमलं कारण मी मोठ्या भाऊबंदकीच्या घरात वाढले, आमच्याकडे बांधावरून तीन पिढ्या बोलणं बंद आहे आणि दोन्हीकडच्या लग्नाला मात्र मी जाऊन जेवून येते.

आयएफएसबद्दल थोडक्यात सांगते कारण त्यावर सांगणारे गल्लोगल्ली आहेत. सिव्हिल सर्व्हिसेसची तीच परीक्षा, लेखी १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ ची, ओपनला ३२ वर्षांपर्यंत ६ प्रयत्न, ओबीसीला ३५ पर्यंत ९. मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीत लिहिता येतात, मुलाखतही मराठीत देता येते, त्यामुळे इंग्रजी कच्चं म्हणून हा दरवाजा बंद नाही. निवड झाल्यावर दिल्लीत सुषमा स्वराज इन्स्टिट्यूटमध्ये ट्रेनिंग, मग एक परदेशी भाषा सक्तीची, थर्ड सेक्रेटरीपासून चढत जायचं. पण जागा फार कमी असतात, म्हणून सहा-सात वर्षं फक्त एवढ्यावर लावू नको. मी चाळीसगाव-अमळनेरची हुशार पोरं पुण्यात पेठेतल्या खोल्यांमध्ये तिशी ओलांडताना बघितलीत, त्यांच्या हातात दुसरं काहीच नसतं, तेव्हा वाईट वाटतं.

आता यूएन. इथे लोकांचा मोठा गैरसमज असा की इंटरनॅशनल रिलेशन्समध्ये एमए केलं की यूएन बोलावतं. नाही बोलावत. यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम नावाची परीक्षा आहे, ३२ वर्षांपर्यंतच्यांसाठी, पण तिच्यात कोणते देश भाग घेऊ शकतात याची यादी दरवर्षी बदलते आणि आपला देश प्रत्येक यादीत असेलच असं नाही, तेव्हा अर्ज भरण्याआधी यादी बघ. बाकीच्या जागा अनुभवावर. मास्टर्स असेल तर पी-२ या पदपातळीला दोन वर्षं, पी-३ ला पाच, पी-४ ला सात असा साधारण हिशेब. म्हणजे ते काय विचारतात? तू कोण आहेस असं विचारतच नाहीत, तू काय केलंयस ते विचारतात. मुलाखतीतसुद्धा सगळे प्रश्न असेच, की एखादा प्रसंग सांगा जेव्हा तुम्ही अमुक केलं. तिथे पुस्तकातलं उत्तर चालत नाही. मी धडगावचा एक पाड्यावरचा बंधारा सांगितला होता, दोन पाडे आणि मध्ये एक झरा, आणि कोणाच्या गुरांनी आधी प्यायचं त्याचं भांडण, आणि समोरच्या तिघांनी पेन खाली ठेवून ऐकलं.

माझ्यासारखीला खरा दरवाजा होता यूएन व्हॉलंटियर्सचा. नाव व्हॉलंटियर असलं तरी जगण्यापुरता भत्ता मिळतो, विमा मिळतो, काम मात्र स्टाफच्या बरोबरीचं. तरुणांसाठी वेगळा गट आहे, १८ ते २६ चा, म्हणजे तू आजही त्यात बसतेस. आणि एक सांगून ठेवते, यूएन कुठल्याच टप्प्यावर पैसे घेत नाही, अर्जाला नाही, मुलाखतीला नाही, ट्रेनिंगला नाही. आमच्या ओळखीतल्या एका पोराने एजंटला चाळीस हजार दिले, निळ्या लोगोचं पत्र आलं, पोराच्या बापाने गावात पेढे वाटले. पुढचं सांगत नाही.

आणि सध्याचा काळ वाईट आहे हे पण ऐकून घे. मालीचं शांतता मिशन २०२३ ला बंद झालं, सुदानमधल्या दारफूरचं त्याच्या तीन वर्षं आधी, आणि २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड, म्हणजे बाहेरच्या देशांना मदत देणारी आपली सरकारी संस्था, गुंडाळल्यावर पैसा इतका आटला की माझ्याबरोबरचे वीस-वीस वर्षं काढलेले लोक आज नोकरी शोधतायत. यूएनमध्येच कपातीचं काम सुरू झालंय. मी तुला घाबरवत नाहीये, पण नुसतं "यूएनमध्ये जायचंय" हे ध्येय धरून चाललीस आणि दुकानच अर्धं बंद झालं तर काय करशील? म्हणून म्हणते की आधी एक विषय हातात पक्का कर. पाणी घे, माती घे, बियाणं घे, चारा घे, तू ॲग्रीची आहेस ही तुझी कमजोरी नाहीये, उलट रोममध्ये तीन मोठ्या संस्था नुसत्या शेती आणि अन्नावर बसल्यात, एफएओ, आयफॅड आणि वर्ल्ड फूड प्रोग्राम. त्यातल्या शेवटच्या संस्थेला २०२० चं शांततेचं नोबेल मिळालं. शांततेचं, हे लक्षात घे, भूक मिटवायला.

हा विषय पक्का करण्याचा मुद्दा बाईसाठी डबल महत्त्वाचा आहे, आणि इथे मला थोडं मनातलं बोलू दे. बाई अशा ऑफिसात गेली की तिला कोपऱ्यात बसवतात. उद्धटपणे नाही हो, अगदी आदराने. महिला दिन तू बघ, जेंडरचा रिपोर्ट तू लिही, मिटिंगच्या नोट्स तू घे, तुझं अक्षर छान आहे. एका ठिकाणी, कुठलं ते राहू दे, आमचे साहेब प्रत्येक पुढाऱ्याच्या बैठकीला पुरुष सहकाऱ्याला नेत आणि मला सांगत की तू बायकांशी बोल. मी आठ महिने बायकांशी बोलले. त्याचा फायदा असा झाला की कुठल्या विहिरीला किती पाणी, कुठला रस्ता कधी बंद होतो, कुणाच्या घरात बंदुका आल्यात हे मला साहेबांच्या आधी कळायला लागलं, कारण पाणी भरायला बाया जातात आणि बाया सगळं बघतात. मग हळूहळू साहेबच विचारायला लागले. पण विषय हातात नसता तर ते सगळं मला ऐकूसुद्धा आलं नसतं, नुसत्या गप्पा वाटल्या असत्या.

सुरक्षा परिषदेचा १३२५ नंबरचा ठराव आहे, ३१ ऑक्टोबर २००० चा, शांततेच्या वाटाघाटींमध्ये बायकांना जागा पाहिजे असं सांगणारा. तो पाठ कर, मुलाखतीला लागतो. पण ठराव झाला म्हणून कुणी खुर्ची सरकवून देत नाही. लायबेरियाच्या बायांनी काय केलं बघ. २००३ मध्ये घानाला, अक्रात, वाटाघाटी चालू होत्या, आठवडेच्या आठवडे पुढारी हॉटेलात आणि मागे गावं जळतायत. या बाया जाऊन हॉलच्या दारात बसल्या, तह केल्याशिवाय बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. त्यांची पुढारी लेमा बोवी, तिला २०११ चं नोबेल मिळालं, त्यांच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफ आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांच्याबरोबर. मी लायबेरियाच्या राजधानीत, मन्रोव्हियात पोचले तेव्हा आपल्या सीआरपीएफच्या बायांची तुकडी नुकतीच आली होती, २००७ साल, यूएनच्या इतिहासातली बायकांची पहिली अख्खी पोलीस तुकडी, आणि राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसचा पहारा त्यांच्याकडे. हरयाणा-यूपीकडच्या पोरी, हिंदीतच हुकूम चालायचे. त्यांना बघून तिथल्या मुली पोलिसात भरतीला येऊ लागल्या. मी त्यांच्याकडे रविवारी पोळी खायला जायचे, खोटं कशाला बोलू, शांतता वगैरे नंतर.

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा, यातच तुझं खरं उत्तर आहे. साऊथ सुदानमध्ये उत्तरेला अवेल म्हणून भाग आहे, तिथे डिंका मालुआल लोक राहतात. पावसाळा संपला की सुदानमधून मिसेरिया आणि रिझेगात हे अरब पशुपालक हजारो गुरं घेऊन खाली येतात, कीर नदीकडे, चारा-पाण्यासाठी, आणि पाऊस लागला की परत. पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. पण ९ जुलै २०११ ला साऊथ सुदान वेगळा देश झाला आणि या वाटेच्या मधोमध आंतरराष्ट्रीय सीमा आली. आधीच्या यादवीतले खून होते, पळवलेली पोरं होती, गुरं होती. म्हणून गुरं निघायच्या आधी एक परिषद आणि परत गेल्यावर एक, दोन्हीकडचे मुखिया, आणि त्यांना एकत्र बसवणारे आम्ही सिव्हिल अफेअर्सवाले, म्हणजे यूएन मिशनमधले स्थानिक लोकांशी बोलणारे. कुठल्या वाटेने यायचं, हत्यारं आणायची नाहीत, माणूस मेला तर भरपाई किती गुरं, गाय मेली तर काय, सगळं तोंडी ठरायचं, मग कागदावर यायचं.

पहिल्या परिषदेत दोन दिवस नुसता जुना हिशेब चालला होता. मी मागे बसलेली, नोट्स घेत. आणि मला सारखे आमचे ठेलारी आठवत होते. तुला माहितीच असेल, साक्रीकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन निघतात, कापसाच्या-बाजरीच्या रिकाम्या वावरात शेतकरीच त्यांना बोलावतो, मेंढ्या बसवायला, खतासाठी, त्याबदली धान्य देतो, आणि तोच शेतकरी उभ्या पिकात एक मेंढी शिरली तर काठी घेऊन धावतो. भांडण आणि गरज एकाच वावरात असते. मी जेवणाच्या सुट्टीत बाजारात चहावालीकडे गेले, जुबा अरबी तोडकंमोडकं यायचं, विचारलं की हे लोक आले नाहीत तर तुझं काय? ती म्हणाली साखर महाग होईल, मीठ महाग होईल, माझा चहा कोण पिणार? मग आले तर त्रास काय? तर म्हणाली हातपंप. त्यांची गुरं हातपंपावर येतात, आम्ही पहाटे रांगेत असतो, तिथून सुरू होतं सगळं.

दुपारी मी बोलायची परवानगी मागितली आणि एकच विचारलं, गुरं कुठे पाणी पिणार आणि बाया कुठे भरणार. हॉलमध्ये जरा हसले लोक. पण मग एक म्हातारा उठला आणि डबक्यांची नावं सांगू लागला, कुठलं जानेवारीत आटतं, कुठलं मार्चपर्यंत टिकतं, आणि दुसऱ्या बाजूचा म्हातारा म्हणाला चूक, ते फेब्रुवारीतच आटतं, आणि पुढचे तीन तास खुनाचा विषय निघाला नाही. शेवटी करारात एक ओळ आली की गावाच्या हातपंपावर गुरं न्यायची नाहीत आणि अमुक डबकी गुरांसाठी राखायची. एक ओळ. त्याने शांतता आली वगैरे मी म्हणत नाही, त्या हंगामात दुसरीकडे भांडणं झालीच. पण त्या हातपंपांवर नाही झाली.

हे मला सुचलं कुठून? पांझरेवरच्या फडातून. आमच्याकडे फड पद्धत, तुमच्या सिलॅबसमध्ये दोन ओळी असतील तिच्यावर. नदीवर बंधारा, खालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक, आणि पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, ते गावाने नेमलेले. कोणाची जमीन एका ठिकाणी नाही, थोडी थोडी सगळ्या फडांत, म्हणून पाणी कमी पडलं की यंदा किती फड भिजवायचे ते बैठकीत ठरायचं आणि तोटा सगळ्यांना सारखा वाटून यायचा. शेकडो वर्षं चाललंय हे, सरकार नव्हतं तेव्हापासून. माझे आजोबा पाटकऱ्याशी भांडायचे आणि त्यालाच दिवाळीला घरी जेवायला बोलवायचे. न्यूयॉर्कला लोक वाटाघाटीची ट्रेनिंगं घेतात, चांगली असतात, मीही घेतलीत, पण मला बसायला शिकवलं ते आजोबांनी आणि पाटकऱ्याने. तू सुट्टीत जा आणि पांझरा-मोसमकाठचे जुने लोक शोध, वहीत लिहून काढ की वाद झाला की कोण काय म्हणायचं. हा तुझा पहिला अनुभव म्हणून लिही सीव्हीमध्ये. मी मस्करी करत नाहीये.

दुसरं, नंदुरबारला जाऊन मणिबेलीची गोष्ट समजून घे. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, सगळी आपल्याच भागातली, तेव्हा तो धुळे जिल्हा होता, आणि मणिबेली त्यातलं पहिलं. वर्ल्ड बँकेने १९८५ ला या धरणाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. लोकांचा विरोध वाढला तेव्हा बँकेने चौकशीला एक स्वतंत्र समिती नेमली, प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स, म्हणजे जो माणूस आधी यूएनडीपीचा, यूएनच्या विकास कार्यक्रमाचा, मुख्य होता. त्यांचा अहवाल १९९२ ला आला, पुनर्वसनावर कडक टीका, आणि १९९३ ला भारताने उरलेलं कर्ज सोडून दिलं. त्याच वर्षी बँकेने इन्स्पेक्शन पॅनल काढलं, की बँकेच्या प्रकल्पाने बाधित झालेले दोन किंवा जास्त लोक मिळून बँकेच्या विरोधात तक्रार करू शकतील. म्हणजे सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल लोकांमुळे वॉशिंग्टनमध्ये नियम बदलला. धरण हवं होतं की नको यावर मी इथे वाद घालणार नाही, आमच्या घरातच दोन मतं आहेत. पण "विकास" हा शब्द तू बाहेर कुठे वापरशील तेव्हा तुला हे माहीत पाहिजे, कारण समोरच्या गावातल्या माणसाला माहीत असतं.

आणि गावातला बचत गट बघ. माविमचा, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचा, तेजस्विनी कार्यक्रम आठवतो का आईला विचार, त्याला पैसा आयफॅडचा होता, रोमवाल्या. म्हणजे तुझ्या आईच्या गटापर्यंत यूएनचा पैसा आधीच येऊन गेलाय आणि तू यूएन शोधत बाहेर बघतेयस. तिथल्या लोकसंचालित साधन केंद्रात, म्हणजे बचत गटांच्या संघाच्या ऑफिसात, दोन महिने काम कर, हिशेब कसा लिहितात ते शीक. पुढे मोठमोठ्या प्रोजेक्टचे लॉगफ्रेम नावाचे तक्ते भरावे लागतात, त्यात हेच असतं.

इंग्रजीचं म्हणशील तर लिहिण्याचं इंग्रजी दोन वर्षांत येतं, रोज एक पान लिही, साधी छोटी वाक्यं. बोलताना ॲक्सेंटची लाज सोड, यूएनच्या जनरल असेंब्लीत, आमसभेत, जगातले सगळे ॲक्सेंट असतात. त्यापेक्षा फ्रेंच सुरू कर, पुण्याला आलियाँस फ्राँसेज आहे, ऑनलाइनही होतं, कारण यूएन सचिवालयाच्या कामाच्या भाषा दोनच, इंग्रजी आणि फ्रेंच, आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच जागांना फ्रेंच मागतात. मी चौतिसाव्या वर्षी सुरू केलं, अजून क्रियापदं चुकतात. पण तू बघ ना, घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, नवापूरच्या पलीकडे गुजराती. आपल्याला चौथी-पाचवी भाषा शिकायची भीती नसावी.

आता आत्या. आत्याला म्हणावं हा प्रश्न सुप्रीम कोर्टात जाऊन आलाय. सी. बी. मुथम्मा, १९४९ च्या बॅचच्या, आयएफएसमधली पहिली बाई. तेव्हा नियमच होता की बाई अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यायची आणि लग्नानंतर संसारामुळे काम नीट होत नाही असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्यायला लावता येईल. पुरुषाला असं काही नाही. बढती डावलली तेव्हा त्या कोर्टात गेल्या, १९७९ ला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर असे ताशेरे ओढले की वाचून आजही बरं वाटतं. त्यांच्या आधी हंसा मेहता, यूएनच्या मानवी हक्क आयोगातल्या भारताच्या प्रतिनिधी, सुरतच्या, म्हणजे भुसावळहून एका गाडीच्या अंतरावरच्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्याच कलमात "सर्व पुरुष" असा अर्थ निघेल अशी भाषा होती, यांनी हट्ट धरून "सर्व मानव" करून घेतलं, १९४८ साली. विजयालक्ष्मी पंडित १९५३ ला जनरल असेंब्लीच्या अध्यक्ष झाल्या, पहिली बाई. आणि एवढं होऊनही न्यूयॉर्कला यूएनमध्ये भारताची कायमची प्रतिनिधी म्हणून पहिली बाई बसायला २०२२ उजाडलं, रुचिरा कंबोज. म्हणजे आत्या अगदीच चुकीची नाही, रस्ता लांब आहे.

लग्नाचं खरं सांगायचं तर फील्डमधल्या बऱ्याच जागा नॉन-फॅमिली असतात, नवरा-मुलं नेताच येत नाहीत. कठीण ठिकाणी काही आठवड्यांनी सुट्टीवर बाहेर पाठवतात, पण पोराच्या तापाचं वेळापत्रक सुट्टीप्रमाणे नसतं. माझ्या मुलीचं दहावीपर्यंतचं बरंचसं मी फोनवर बघितलं, नवरा माझा शिक्षक, त्याने सांभाळलं, त्याच्या आईने बोलून दाखवलं, ते सगळं झालं. माझ्याबरोबरच्या निम्म्या बायांची लग्नं टिकली नाहीत किंवा झाली नाहीत. पुरुषांचीही नाही टिकली, पण त्यांना कुणी विचारत नाही. त्यामुळे लग्न कर की नको ते मी सांगणार नाही, एवढंच की ज्याच्याशी करशील त्याला नॉन-फॅमिली हा शब्द साखरपुड्याआधी सांग. आणि पैशाचं, पगार बरा असतो, यूएनच्या पगारावर इथे इन्कम टॅक्स नाही, पण काँट्रॅक्ट वर्षा-दोन वर्षांचं, आणि पाच वर्षं भरली नाहीत तर पेन्शनचा हक्क लागत नाही. हे आधी कुणी सांगत नाही.

राहिला आईचा प्रश्न. माझी आई शाळेत गेली नाही. मी लायबेरियाला निघाले तेव्हा तिला यूएन, पीसकीपिंग सगळं समजावलं, नकाशा दाखवला, ती हो हो म्हणाली. पुढे कळलं की गावात कुणी विचारलं की ती एकच सांगायची, सोळा वर्षं एकच, "मनी पोर पानीना खातामा शे." मी एकदा चिडून म्हटलं आई, पाण्याचं खातं नाहीये ते. तर म्हणाली, मग फोनवर रोज विहीर नि हातपंप कशाला सांगतीस?